अजून कच्चं आहे

आष्टीच्या बैलबाजारात चंद्रभान काळमेघनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बैलांच्या तोंडात पाहिलं. स्वतःच्या तोंडात मात्र त्यानं कोणाला पाहू दिलं नाही. शेवटी एकदा दिलं, तेही मला. तेव्हा मी काय पाहिलं आणि काय बोललो, ते सांगायला बसलो आहे. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, तेही सांगेन, पण या गोष्टीतून पळून जाण्यासाठी ते सांगतोय असं कोणी समजू नये.

आधी माझी ओळख देतो. मी प्रभाकरराव. गुरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लस टोचताना जनावर धरायचं, हे माझं काम. डॉक्टर बदलून यायचे आणि बदलून जायचे, मधली दोन-दोन वर्षं जागा रिकामी असायची. मी मात्र दवाखान्याच्या खांबासारखा तिथेच. त्यामुळे लोक मलाच ‘डाक्टर’ म्हणू लागले. पहिल्यांदा कोणी म्हटलं तेव्हाच मी त्याला टोकायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निवृत्त झालो तरी नाव चिकटलेलंच राहिलं, आणि ते सगळ्यांत जास्त लाडानं घ्यायचा तो चंद्रभान.

चंद्रभान बैलांचा दलाल होता. दलाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लबाड माणूस येतो. आमच्या बाजारात तसेही होते, आहेत. चंद्रभान उंच, सडसडीत, मिशी कायम तेल लावल्यासारखी, खांद्यावर पांढरा दुपट्टा. बैलासमोर उभा राहिला की डाव्या हातानं वेसण धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबून एक नजर टाकायचा. चुटकी वाजवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याचं पाहून व्हायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, नाहीतर दात पूर्ण जुळलेला, असं तो सांगायचा आणि त्यावरून बैलाचं वय ठरायचं. काही हुशार लोक म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून आणायचे. चंद्रभानचा अंगठा नुसता फिरला की चोरी उघडी पडायची. मग तो मालकाला चारचौघांत काही म्हणायचा नाही. बाजूला नेऊन विचारायचा, ‘बैलाले दंतमंजन कोनतं वापरता गा?’

सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. आमच्याकडे अजूनही जुने दलाल तसाच करतात. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात दुपट्ट्यानं झाकायचा आणि बोटं दाबून भाव बोलायचा. तोंडातून आकडा काढायचा नाही. भाव पटला नाही तर हात ओढून घ्यायचा, सौदा मोडला. पटला तर हात तसाच ठेवायचा. चंद्रभानची त्यात स्वतःची एक भर होती. सौदा ठरला की तो घेणाऱ्याच्या तळहाताच्या मधोमध अंगठा रुतवायचा. याचा अर्थ बाजारात सगळ्यांना माहीत होता. बैलात खोट निघाली तर ती माझ्या माथी, तू निश्चिंत घरी जा.

हे बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा तळेगावकडच्या एका शेतकऱ्याला त्यानं जोडी घेऊन दिली. महिन्याभरात त्यातला एक बैल जुवाखाली बसू लागला. शेतकरी काही बोलला नव्हता, बातमी उडत उडत आली. चंद्रभान स्वतःच्या गोठ्यातला बैल सोडून त्याच्या दारात बांधून आला आणि तो बसका बैल घरी घेऊन आला. त्या बैलाला त्यानं मरेपर्यंत सांभाळलं. मी त्याला म्हटलं, तू दलाल कसला, गोरक्षणवाला आहेस. तो म्हणाला की अंगठा दिला होता, मग काय करणार.

त्याच्या मुलीला, मयुरीला, पाहायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. नवरा मुलगा काहीतरी ऐकून खळखळून हसला. चंद्रभाननं तेवढ्यात त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला की वय खरं सांगितलंय, हरकत नाही. माझा चहा नाकातून बाहेर आला. सुलोचनावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, आतून असे डोळे वटारले की आम्ही दोघे शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसलो. ते लग्न तिथंच जमलं. मयुरी आर्वीला दिली.

ट्रॅक्टर आल्यापासून बाजार अर्धा झाला. पण अक्षय तृतीयेनंतरचे चार-पाच बाजार अजूनही भरतात, कारण पेरणीआधी ज्याला बैल घ्यायचा तो तेव्हाच घेतो. वर्षाची सगळी कमाई आणि सगळी मिजास चंद्रभान त्या महिन्यात करून घ्यायचा. बाकीचे महिने शेती, खर्रा आणि माझ्या अंगणातली बाज.

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हेच त्याचं व्यसन. उजव्या गालात सकाळी जो गोळा बसायचा तो जेवणापुरता निघायचा. त्याच बाजूची खालची शेवटची दाढ किडली. वर्षभर ती मधूनमधून ठणकत होती. ठणकली की लवंग दाबायचा, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायचा, आठ दिवसांनी विसरायचा. मी दोन-तीनदा म्हटलं की दाखवून ये. यावर त्याचं उत्तर तयार होतं. बैलाला वरचे पुढचे दात मुळातच नसतात, तरी तो जन्मभर कडबा खातो. आपल्याला एक दाढ दुखली तर एवढं काय.

मयुरी बापासारखीच हट्टी. तिनं आर्वीला दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि बापाला बोलावून घेतलं. हा गेला. लेकीच्या हातचं जेवला, डॉक्टरच्या पायऱ्या चढला, आत दाढेचा फोटो काढून झाला. डॉक्टर म्हणाले की दाढ मुळापर्यंत गेलीय, काढावी लागेल. ‘आलोच’ म्हणून हा जो बाहेर पडला तो सरळ बसस्टँडवर. मयुरीला सांगितलं की डॉक्टरनं गोळ्या दिल्या. तिला खरं कळायला महिना गेला, मग तिनं फोनवर बापाची चांगलीच खरडपट्टी काढली. ती काढत असताना तो माझ्याच बाजेवर बसला होता, फोन कानापासून हातभर लांब धरून. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, “दात पडला का भाव पडला, डाक्टर. पोपटासारखं तोंड घेऊन बाजारात उभा राह्यलो तर लोक म्हणतीन दलालच म्हतारा झाला, हा आमच्या बैलाचे दात काय पाह्यते.”

मी हसलो. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो मला दिसत होता आणि त्याची मला गंमत वाटत होती. तेव्हा त्याचा हात धरून आर्वीच्या बसमध्ये बसवायला मला काय झालं होतं? माझ्याकडे वेळच वेळ होता. निवृत्त माणसाला दुसरं असतं काय?

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी बाजार. सकाळी साडेआठ-नऊला चंद्रभान आला तो दुपट्टा हनुवटीखालून डोक्याला बांधून. बाजेवर बसला आणि दुपट्टा सोडला. उजव्या जबड्याखाली सूज होती. बोलला तेव्हा तोंडात गरम आलू ठेवल्यासारखे शब्द येत होते.

“पाहून घेजो जरा. पिकलं असन तर इथंच फोडून टाक. उद्या बाजार हाय.”

आता जे मी पाहिलं ते एकेक करून सांगतो, कारण त्यातलं काहीही मला दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सूज जबड्यापाशी थांबलेली नव्हती. ती हनुवटीखालून डाव्या बाजूला गेली होती. त्याला तोंड उघड म्हटलं तर एक बोट जाईल एवढंच उघडलं. तो सारखा दुपट्ट्याच्या टोकानं ओठांचा कोपरा पुसत होता, कारण लाळ गिळवत नव्हती. अंग तापलेलं होतं. मी अंगठ्यानं सूज दाबली. ती लाकडासारखी कडक होती. अंगठा उचलला तरी खड्डा पडला नाही.

गळवाचा एक नियम मला माझ्या पहिल्या डॉक्टरसाहेबांनी शिकवला होता आणि नोकरीभर मी तो पाळला. कडक आहे तोवर गळू कच्चं, त्याला सुरी लावायची नाही. जवसाचं गरम पोटीस बांधायचं. दोन-चार दिवसांत ते मऊ होतं, एका जागी तोंड धरतं, मग चीर द्यायची. बैलांच्या मानेवरची, खांद्यावरची किती गळवं मी अशी पिकवून फोडली असतील. नियम खोटा नव्हता. चंद्रभानलाही तो माझ्याइतकाच पाठ होता, म्हणून तर तो दातांच्या डॉक्टरकडे न जाता माझ्याकडे आला.

“अजून कच्चं आहे,” मी म्हटलं. “दोन दिवस थांब. पोटीस बांध. पिकलं का मीच पाहून घेतो.”

त्याचा चेहरा खुलला. दोन दिवस म्हणजे बाजार पदरात पडला. मी त्याला माझ्या गुडघ्यासाठी आणलेल्या दुखण्याच्या चार गोळ्याही दिल्या, वर डॉक्टरकीचा आव आणून सांगितलं की जेवल्यावर घेजो. त्याला जेवता येत नव्हतं हे मला दिसत होतं.

आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खाते. बैलाच्या गळ्याखाली सूज येते, कडक, गरम. जनावर लाळ गाळतं, मान लांब करतं, घशातून घरघर येते. त्याला घटसर्प म्हणतात. दरवर्षी पावसाळ्याआधी मी गावोगाव फिरून त्याच्या लसी टोचायला मदत केली. त्याचं एक लक्षण जरी दिसलं तरी मी सायकल टाकून डॉक्टरांना शोधायला पळायचो, कारण त्यात दिवस मिळत नाही, तास मिळतात. गळ्याची कडक सूज आणि गिळता न येणं हे एकत्र दिसलं की थांबायचं नाही, हे मी शेकडो शेतकऱ्यांना ओरडून सांगितलं होतं. बैलाच्या गळ्याला ती सूज असती तर मी पळालो असतो. मित्राच्या गळ्याला होती, तर मी त्याला दोन दिवस दिले. का दिले? त्याला डॉक्टरकडे जा म्हणणं म्हणजे मला यातलं कळत नाही असं म्हणणं होतं, आणि चाळीस वर्षांचा ‘डाक्टर’ ते म्हणायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. मीही गेलो, सवयीनं. ऊन असं होतं की जनावरं उभ्या उभ्या लाळ टाकत होती. चंद्रभान जबड्याला पोटीस बांधून कडुनिंबाखाली उभा होता. बोलता येत नव्हतं, पण त्याच्या धंद्याला बोलणं लागतंच कुठं? दुपट्ट्याखाली हात घालून त्यानं तीन सौदे केले. तिघांच्या तळहातावर अंगठा रुतवला. लोक चेष्टा करत होते की आज चंद्रभानचं मौनव्रत दिसते, वहिनीनं घरी तोंड बंद केलं वाटते. त्या हसण्यात मीही होतो. नत्थू नावाचा दुसरा एक दलाल आहे, त्याच्याकडे जनावरं न्यायची पिकअप गाडी आहे. तो मला म्हणाला की चंद्रभाननं सकाळपासून पाणी प्यायलं नाही, तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. मी नत्थूला म्हटलं की दाढ आहे, उद्यापर्यंत पिकते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच सुलोचनावहिनींचा फोन आला. मी धावत गेलो. चंद्रभान बाजेच्या कडेला दोन्ही हात टेकून, मान पुढे काढून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडत होता, म्हणून त्यानं सगळी रात्र बसून काढली होती. सूज गळ्यावरून छातीच्या हाडापर्यंत उतरली होती, कातडी लाल होती. जीभ वर उचलली जाऊन दातांच्या फटीत आली होती. श्वासाबरोबर शिट्टी वाजत होती. मी पोटीस सोडलं. खाली सूज तशीच लाकडासारखी होती. दोन दिवसांत ती तिळभरही मऊ झाली नव्हती.

नत्थूनं गाडी आणली. मागे जनावरांची जागा, पुढे आम्ही तिघं, चंद्रभान मध्ये ताठ बसलेला; वहिनी मागाहून बसनं येणार होत्या. आर्वीपर्यंतचा रस्ता मी त्याच्या श्वासाची शिट्टी मोजत काढला. आर्वीच्या डॉक्टरांनी त्याला पाहिलं, हात लावायच्या आधीच वर्ध्याला फोन केला आणि ऑक्सिजन लावून ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. मयुरी तिथं आली. बापाकडे पाहिलं आणि त्याचे पाय धरून बसली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भराभर प्रश्न विचारले. सूज केव्हापासून? तीन-चार दिवस. शुगर आहे का? माहीत नाही. सूज आल्यावर कोणाला दाखवलं होतं का?

मयुरी म्हणाली, “नाही, कोणालाच नाही.”

मी तिच्या शेजारी उभा होतो. बाईंनी माझ्याकडेही एकदा पाहिलं. मी मान खाली घातली. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. बोललो असतो तर उपचार बदलले नसते, हे खरं आहे. पण मी त्याच्यासाठी गप्प नव्हतो, स्वतःसाठी गप्प होतो.

त्याला आत नेलं. तोंडातून नळी जाईना, म्हणून गळ्याला खालून छिद्र पाडून श्वास दिला. मानेला चिरा दिल्या, ती दाढ काढली. शुगर तपासली तर भयंकर वाढलेली निघाली, कधीपासून होती कोणास ठाऊक. संध्याकाळी बाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या, तरी खुर्ची ओढून बसल्या आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. दाढेच्या मुळातला जंतुसंसर्ग जिभेखाली उतरला, तिथून मानेच्या पदरापदरातून खाली छातीकडे जातोय. रक्तातही गेलाय. शुगरमुळे शरीर लढत नाही.

नत्थूनं विचारलं की पू किती निघाला. बाई म्हणाल्या, फारसा नाही.

“या आजारात पू एका जागी जमतच नाही. सूज लाकडासारखी कडक राहते आणि पसरत जाते. लोक पिकायची वाट बघतात, पण ही सूज पिकत नसते. दोन दिवस आधी आले असते तर बहुतेक दाढ काढून आणि सलाइनमधून औषधं देऊन भागलं असतं.”

दोन दिवस, असं त्या म्हणाल्या. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत परत धुतलं.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी तो शुद्धीवर होता. एकेकाला पाच मिनिटं आत सोडत होते. वहिनी जाऊन आल्या, मयुरी जाऊन आली, मग मी गेलो. गळ्यात नळी, मानेवर पट्ट्या. एवढ्या पट्ट्या मी जन्मात बांधल्या, पण तशा पाहवल्या नाहीत. मिशी कोणीतरी भादरून टाकली होती. डोळे मात्र तेच, बैल पाहतानाचे. त्याला बोलता येत नव्हतं. मी जवळ वाकलो आणि म्हणालो, “चंद्रभान, मी चुकलो. मले समजलं होतं. सूज दोन्हीकून होती, तुले गिळता येत नवतं, मले सगळं दिसलं होतं. तरी मी कच्चं म्हणलो.”

त्यानं हात हलवला. मी तो धरला. तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं, ज्याला सलाइन लावलेलं होतं त्या हातानं, पांघरुणाची चादर हळूहळू ओढली आणि आमचे दोन्ही हात झाकले. नर्सला वाटलं थंडी वाजतेय. चादरीखाली त्यानं माझा हात उघडला आणि माझ्या तळहाताच्या मधोमध अंगठा टेकवला. जोर नव्हता, तरी त्यानं तो दाबून धरला. खोट माझ्या माथी. तू निश्चिंत घरी जा.

मी तेव्हा हात ओढून घ्यायला हवा होता. बाजाराचा साधा नियम आहे, सौदा मंजूर नसला की हात ओढायचा. मला तो सौदा मंजूर नव्हता, खोट त्याची नव्हतीच. पण मी हात तसाच ठेवला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. एवढं हलकं वाटलं की मी रडलो, आणि ते रडणं मित्रासाठी होतं असं बाहेरच्यांना वाटलं.

सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. छातीत पसरलेला संसर्ग आवरला नाही, मूत्रपिंडं थांबली, मग रक्तदाब. आष्टीला आणलं तेव्हा बाजारातले सगळे दलाल आले होते. त्याच्या शेवटच्या बाजारात ज्या तिघांचे सौदे झाले होते तेही आले. दाढेनं माणूस मरतो यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. लोक म्हणत होते की आयुष्य तेवढंच होतं, निमित्त दाढेचं झालं. मी त्यांच्यात बसून मान हलवत होतो. ‘निमित्त’ हा शब्द किती सोयीचा आहे, हे मला तेव्हा कळलं.

तेरवी झाली. पाऊस झाला, पेरण्या झाल्या. त्यानंतर गावात कोणी ‘डाक्टर’ म्हणून हाक मारली तर मी ओ देत नाही. लोकांना वाटतं मित्राच्या दुःखानं म्हातारा चिडका झाला. दाढ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मी मागे लागतो, दोघांना तर स्वतः आर्वीला नेऊन खुर्चीत बसवलं. त्यातला एक मला शिव्या देत परत आला. देऊ दे.

वहिनींकडे मात्र जाणं टाळत होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच माझ्याकडे आल्या. हातात घडी घातलेला, धुतलेला पांढरा दुपट्टा होता. म्हणाल्या की घरात ठेवला तर सारखा डोळ्यांसमोर येतो, दुसऱ्या कोणाला द्यावासा वाटत नाही, तुम्हीच त्यांचे सगळ्यांत जवळचे. आणि तुम्ही एवढं धावलात, दवाखान्यात सहा दिवस बसून काढलेत, त्याची फेड होणार नाही.

ते मात्र मला सहन झालं नाही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. बाजेवर बसून काय पाहिलं, काय कळलं, काय बोललो. डॉक्टरीणबाईंसमोर गप्प राहिलो तेही सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. त्या मला बोलतील, दुपट्टा उचलून निघून जातील, याची मी तयारी केली होती. खरं तर मी त्याची वाट पाहत होतो.

वहिनी दुपट्ट्याची घडी सारखी करत राहिल्या.

“मले माहीत हाय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं. म्हणे डाक्टरनं पाह्यलं, दोन दिवस थांब म्हणते. मी तवाच पोरीले फोन लावून राह्यली होती. मंग ठेवून देल्ला. म्हटलं, तुम्ही पाह्यलं ना. म्हणून दोन दिवस मोजत बसली.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी दुपट्टा बाजेवर ठेवला, चंद्रभान बसायचा त्या बाजूला. उद्या पोळा आहे, गोठ्यात दोन बैल आहेत, त्यांना धुवायला कोणी नाही, सकाळी याल का, असं विचारलं. मी येतो म्हणालो.

सकाळी गेलो. बैल धुतले, शिंगांना रंग लावला, गळ्यात घागरमाळा बांधल्या. धुता धुता एकाचा ओठ अंगठ्यानं दाबून दात पाहावेत असं मनात आलं, नुसतं त्याच्या आठवणीनं. अंगठा त्या ओठापर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला. वहिनी दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मोजलेले ते दोन दिवस त्यांच्याकडेच राहिले, आणि ते माघारी घ्यायला माझ्याजवळ कुठलीच बोली नाही.